पट्टा तं भेटला, आता जंगल राखाचं कसं

आजूबाजूच्या गावांतून सध्या एकच प्रश्न येतो. सामूहिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरायचा अन् राखायचा सरकारी हक्काचा कागद मिळाला, साहेबांच्या हातून घेतला, फोटोबिटो झाला, कागद लॅमिनेट करून ग्रामसभेच्या पेटीत ठेवला, आता पुढं काय करायचं? गडचिरोली जिल्ह्यात हजारावर गावांकडं असा कागद आहे आणि त्यातली बरीच गावं इथंच अडकून पडली आहेत. मी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गोंड गावचा, साठेक घरं आमची, आणि ग्रामसभेची लिखापढी गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे कारण बारावीनंतर गावात टिकलेला पोट्टा मीच एकटा होतो. जे जमलं ते सांगतो, जे फसलं ते पण सांगतो, तुम्ही तुमच्या गावाच्या हिशोबानं घ्या.

एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. जंगल कसं राखायचं हे आमच्यासारख्या शिकलेल्यांना माहीत नसते, ते गावातल्या डोकऱ्या-डोकरीला माहीत असते, फक्त ते त्याला व्यवस्थापन आराखडा म्हणत नाहीत. आपलं काम काय तर त्यांच्या जवळ बसून ते ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि मग सरकारी भाषेत बसवायचं. आम्ही हे उलटं केलं होतं आणि तोंडावर पडलो, ते पुढं येईलच.

ज्यांचा पट्टा अजून यायचा आहे त्यांच्यासाठी पटकन. वनहक्क कायदा २००६ चा. दावे तीन तऱ्हेचे, शेतीच्या जागेचा वैयक्तिक दावा म्हणजे नमुना अ, निस्तार (घरच्या गरजेचं सरपण-लाकूड-चराई), वनोपज, मासोळी असले सामूहिक हक्क म्हणजे नमुना ब, आणि आख्खं पारंपरिक जंगल राखायचा, वाढवायचा, सांभाळायचा हक्क म्हणजे नमुना क. बरीच गावं ब भरून खुश होतात आणि क राहून जातो, तसं करू नका, खरी चावी क मध्ये आहे. वनहक्क समिती १० ते १५ जणांची, त्यात तिसरा हिस्सा बाया. सभेला गावच्या निम्म्या मतदारांची हजेरी लागते आणि हजर लोकांत पण तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. पुरावे किमान दोन. निस्तारपत्रक, म्हणजे गावच्या निस्तार हक्काची जुनी सरकारी नोंद, असेल तर उत्तमच, पण म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं बयाण, देवाचं ठाणं, मसणवट, जुनी विहीर, हे सगळं कायद्यानं पुरावा म्हणून चालते, कोणी टेबलामागून "हे चालत नाही" म्हटलं तर घाबरायचं नाही, लेखी द्या म्हणायचं. तिथून दावा उपविभागीय समितीकडं जातो, मग जिल्हास्तरीय समितीकडं. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येते. बस, दाव्याचं एवढंच, बाकी पट्टा हातात आल्यावरचं.

पहिले चालून घ्या

पट्ट्यासोबत नकाशा येतो. तो नकाशा पाहून आमच्या गावात दोन दिवस भांडण झालं, कारण कोणाला काहीच ओळखू येईना, कक्ष क्रमांक अमुक, कक्ष क्रमांक तमुक, अन् आमच्या लोकांना माहीत ते वाघदेवाचा मेट्टा, मोडकी बोडी, डोकरीची झरी. म्हणून आधी चाला. जानेवारी-फेब्रुवारी बरा, पान गळलेलं असते, लांबचं दिसते, नाल्यांना थोडं पाणी पण असते त्यामुळं कोणता जिवंत अन् कोणता मेला ते कळते.

सोबत कोण घ्यायचं हे महत्त्वाचं. पुढारी लोकं आपोआप येतातच, त्यांना सोडा. ढोरकी, म्हणजे गुराखी, घ्या, तो रोज तिथंच असतो. सरपणाला जाणाऱ्या दोन-तीन बाया घ्या. भूमक्या, म्हणजे गावचा पुजारी, घ्या. आणि चालता येत असेल तर सगळ्यात म्हातारी बाई घ्या, चालता येत नसेल तर जिथवर जाते तिथवर गाडीवर बसवून न्या. आम्ही आमच्या एका आजीला मोटरसायकलवर मधात बसवून नेलं होतं, नजर अधू, कान पण कमी, पण नाल्याच्या एका वळणावर उतरून उभी राहिली अन् काठीनं जमीन ठोकत म्हणे, "इथं उंबर होता. तो पाडला अन् झरी आटली. तवा मी लेकुरवाळी होती." आम्ही खाली पाहिलं तर खरंच गोट्यांमध्ये ओल होती, चिखलात रानडुकराचे खूर उमटलेले. त्या जागी आता आम्ही पाच उंबर लावले आहेत, तीन जगले. झरी काय लगेच फुटली नाही, तसलं खोटं मी सांगत नाही, पण मार्चपर्यंत ओल टिकते आता.

मोबाईलमध्ये जीपीएसचं कोणतंही साधं अॅप टाका, चालता चालता जागोजागी ठिपका मारा आणि त्या ठिपक्याला गावचंच नाव द्या, गोंडी असेल तर गोंडीच. नंतर तो नकाशा शाळेच्या किंवा गोटुलाच्या (गोंड गावच्या सामूहिक घराच्या) भिंतीवर रंगवा. कागदावरच्या नकाशाला कोणी पाहत नाही, भिंतीवरच्याला लहान पोरं बोट लावून वाचतात.

अन् शेजारच्या गावाला बोलावल्याबिगर सीमेवर जाऊ नका. दोन गावांच्या जंगलाची सीमा एकमेकांत घुसलेली असतेच, ती काही आजची गोष्ट नाही, सोयरीक पण त्याच गावांत असते. कायदा म्हणते की वाद असला तर दोन्ही वनहक्क समित्यांनी मिळून बसायचं, आणि खरं तर हेच सोपं पडते. आम्ही सीमेवरच्या एका मोहाखाली बसलो, चहा दोन्ही गावांनी अर्धा अर्धा केला, अन् ठरलं की त्या पट्ट्यातले मोह ज्याचे पिढ्यान्‌पिढ्या त्याचेच, पण आग लागली तर दोन्ही गावं धावतील.

पंडुम म्हणजे नुसता सण नाही

हे मला स्वतःला उशिरा कळलं म्हणून जरा लांब सांगतो.

आमच्या जंगलात चारोळीची झाडं बक्कळ होती. आम्ही फळाला चार म्हणतो, ते पिकून काळं झालं की गोड, आतल्या बियातून चारोळी निघते. आता व्हायचं काय की एप्रिल लागला नाही तोवरच लोकं हिरवी चार तोडायला निघायचे, आधी एक घर, मग त्याला पाहून दुसरं, कारण आज मी नाही तोडली तर उद्या दुसरा नेईन. हात पुरत नाही तिथं फांदीच तोडून खाली पाडायची. हिरव्या चारेच्या बियात गर भरलेला नसते, व्यापारी तोंड वाकडं करून कमी भाव देते, पुढच्या साली त्या फांदीला फळ नाही, अन् खाली पडून नवीन रोप उगवायला बी शिल्लक नाही. सगळ्यांना कळत होतं, थांबत कोणीच नव्हतं.

ग्रामसभेत आम्ही यावर दोन तास बोललो, कोणी म्हणे दंड लावा, कोणी म्हणे चौकीदार ठेवा. मागं बसलेली एक डोकरी एवढा वेळ तंबाखू मळत होती, ती म्हणाली, "काहून रे बाबू, पंडुम कायले करते तुमी? आमच्या वेळेस भूमक्यानं पेनाले देल्ल्याबिगर चार कोनी तोंडात टाके का? टाकली तं डंड होता." सभा चूप.

गोंडीत पंडुम म्हणजे सण. नवीन आंबा असो, मोह असो, कोवळी भाजी असो, पहिले पेनाला, म्हणजे देवाला, चढवल्याशिवाय खायचं नाही, आणि देवाला कधी चढवायचं ते भूमक्या आणि गाव मिळून ठरवतात. लहानपणापासून आम्ही त्यात नाचलो, जेवलो, पण हे तोडबंदीचं कॅलेंडर आहे हे डोक्यात आलंच नव्हतं. पुस्तकात त्याला काही मोठं नाव असेल. आमच्या घरात ते नाव होतं "अजून पंडुम नाही झाला, हात लावशीन तं पाहा."

मग आम्ही एवढंच केलं. चारेचा पंडुम, जो मागच्या वीसेक वर्षांत नावापुरता उरला होता, तो परत गावसभेनं धरला. एप्रिलच्या मधात भूमक्या आणि दोन बाया वेगवेगळ्या बाजूची पाच-सहा झाडं पाहून येतात, अर्ध्याच्या वर फळ काळं असेल तरच तारीख निघते. त्या तारखेच्या आधी कोणाच्या घरी चार दिसली की ती जप्त होऊन गावजेवणात जाते. फांदी तोडायची नाही, बांबूला आकडा बांधून हालवायची, खाली जुनं लुगडं पसरायचं. प्रत्येक झाडाचा शेंडा पाखरांना सोडायचा. पहिल्या साली कुरकुर झाली, दुसऱ्या साली पिकलेल्या मालाचा भाव पाहून ती पण बंद.

तुमच्या गावात असं काय काय आहे ते शोधा, गोंड नसाल, कोलाम असाल, कोरकू असाल, ढिवर असाल, तरी शोधा, निघतेच. विचारायची एक पद्धत आहे. "तुमच्याकडं पारंपरिक ज्ञान काय आहे" असं विचारलं तर म्हातारे म्हणतात काही नाही बाबू, आम्ही अडाणी. त्यापेक्षा विचारा की तुमच्या लहानपणी कशाला हात लावला तर मार बसे. मग पाहा कसे बोलतात. आमच्यात गोत्राचं पण आहे. गोंडीत मरका म्हणजे आंबा अन् टेका म्हणजे साग, म्हणून मरकाम लोकं आंब्याला मानतात अन् टेकाम सागाला, आपल्या गोताचं झाड-जनावर मारायचं नाही. पेनठाण्याच्या जागेतलं वाळकं लाकूड पण उचलत नाहीत. ही जागा आराखड्यात वेगळी दाखवा, "इथं काहीच करायचं नाही" एवढंच त्यापुढं लिहा. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं आपल्या हजारेक हेक्टरच्या जंगलात देवाच्या नावानं असाच एक तुकडा राखला आहे.

आमचे २७ नियम

आता फजिती. पट्टा आला त्या साली आम्ही तीन शिकलेल्या पोट्ट्यांनी एका रात्री बसून नियमावली टाईप केली, २७ नियम, कलम-उपकलम, दंड ५०० पासून ५००० पर्यंत. ग्रामसभेत वाचून दाखवली, सगळ्यांनी हो हो म्हटलं, अंगठे लागले. पहिली केस पंधरा दिवसांत सापडली, एक विधवा बाई, डोक्यावर ओल्या सरपणाची मोळी. नियमानं दंड ५०००. तिच्या घरी पन्नास रुपये नसतील. ती रडली नाही, मोळी खाली टाकली अन् म्हणाली, "वाळलेलं जवळपास ठेवलं कुठं तुमी? परवाच्या रात्री ट्रॅक्टर गेला तो नाही दिसला वाटते." ट्रॅक्टर समितीतल्याच एकाच्या मेहुण्याचा होता. त्या दिवशी सभा न करताच आम्ही घरी गेलो.

त्यानंतर ते २७ नियम आम्ही सोडले. नवीन करायला चार महिने लागले, अन् तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. आधी बायांची वेगळी बैठक, रात्री, जेवणं झाल्यावर, कारण दिवसा बोलावलं तर त्या येतात पण भाकरीच्या घाईत असतात. मग म्हाताऱ्यांची. मग सगळ्यांची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला आम्ही पाच जणं जाऊन आलो होतो, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव, तिथले कार्यकर्ते देवाजी तोफा यांचं. २००९ साली देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतलं ते एक, सुमारे १८०० हेक्टर. तिथून आम्ही दोन गोष्टी उचलल्या. एक म्हणजे निर्णय बहुमतानं करायचा नाही, सर्वसहमतीनं करायचा, एक माणूस जरी आडवा बसला तरी विषय पुढच्या बैठकीला. ऐकायला हे अशक्य वाटते, पण बहुमतानं हरलेला माणूसच रात्री कुऱ्हाड घेऊन जातो हे आम्ही पाहिलं होतं. दुसरी म्हणजे अभ्यास गट, ठराव करायच्या आधी नुसतं बसून बोलायचं, तिथं निर्णय नाही, भांडण नाही, कागद वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं, अन् मग ग्रामसभेत जायचं.

शेवटी सहाच नियम उरले. फळझाड तोडायचं नाही, मोह-चार-आंबा-हिरडा-बेहडा-आवळा-तेंदू सगळे त्यात आले. पंडुमाआधी तोडायचं नाही. आग लावायची नाही. सरपण वाळलेलं, अन् घरच्यापुरतं, विकायला नाही. घरासाठी लाकूड लागलं तर सभेला सांगून, समिती झाड दाखवेल ते. अन् सहावा बायांनी घातलेला, समितीवाल्याच्या घरचा माणूस सापडला तर दंड दुप्पट. दंड पैशात थोडा, बाकी गस्तीच्या दिवसात, गरीबाला परवडते अन् श्रीमंताला टोचते.

गस्त म्हणजे दररोज चार घरांतून एकेक माणूस, घरं संपली की पाळी परत पहिल्यापासून. पाळीची काठी असते, आज ज्याच्या दारात काठी त्याची उद्या पाळी, फोन करावा लागत नाही. बाया पण जातात. आमच्याकडं त्याच जास्त लाकूडचोर पकडतात, कारण त्या न बोलता चालतात, आमचे पुरुष बिडी ओढत गप्पा मारत जातात, चोराला अर्ध्या कोसावरून ऐकू येते.

वणवा

जंगल खाणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे अन् खरं सांगायचं तर बहुतेक वेळा लावणारे आपणच. मोहफूल वेचायला झाडाखाली जागा साफ पाहिजे म्हणून कोणी पाला पेटवते, ती आग पसरते. तेंदूला नवीन पान यावं म्हणून ठेकेदाराची माणसं लावतात. कोणी बिडीचं थोटूक टाकते.

फेब्रुवारी संपायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून पाला साफ केलेली पट्टी, काढून ठेवा. सगळ्या जंगलाला शक्य नाही, म्हणून सडकेच्या कडेनं, दुसऱ्या गावच्या सीमेवर, अन् पेनठाण्याभोवती तरी काढाच. रुंदी तीन-चार मीटर, पाला मधात ओढून सकाळी दव असतानाच, दहा-बारा माणसं उभी ठेवून जाळायचा, वारा सुटला की बंद. मोहासाठी आम्ही ठरवलं की ज्याचं झाड त्यानं बुडाभोवतीचा पाला झाडून खड्ड्यात टाकायचा, तेच पुढं खत होते. खराटा लागते अन् एक सकाळ जाते, बस. ज्यांच्याकडं दहा-बारा झाडं आहेत त्यांना हे जड जाते, त्यांच्या मदतीला गस्तीच्या दंडातले दिवस वापरतो. कोणी जाळी बांधते, कोणी जुनी साडी पसरते, फूल स्वच्छ राहते, माती लागत नाही, म्हणून भाव पण बरा येते.

आग लागलीच तर समोरून पळत जाऊ नका, बाजूनं जा, ओल्या पानांच्या फांदीनं मारत कडा आवळत आणा. दुपारी बाराच्या उन्हात विझवायला गेलं तर माणसं थकतात अन् आग हसते. रात्री वारा पडते तेव्हा अर्धं काम होते. विझली म्हणून घरी येऊ नका, जुनी खोडं आतून धुमसत राहतात, दुसऱ्या दिवशी जाऊन पाहाच. वनरक्षकाचा नंबर सगळ्यांकडं असू द्या, त्यांच्याकडं पाला उडवायचं ब्लोअर मशीन असते, मागा, हक्कानं मागा. आपलं त्यांच्याशी वैर नाही, कायद्यानं राखायचा अधिकार आपल्याला आहे एवढंच त्यांना अधूनमधून आठवून द्यावं लागते.

बांबू अन् तेंदू

पैसा याच दोघांत आहे म्हणून भांडणं पण इथंच. २७ एप्रिल २०११ ला मेंढा-लेखाला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आले अन् बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं, तोवर गावचा बांबू गावाबाहेर नेला की चोरी. आता पास ग्रामसभा फाडते. पण पास फाडता येते म्हणून रांजीच्या रांजी, म्हणजे बांबूची बेटंच्या बेटं, साफ केल्या तर चार वर्षांनी काय विकणार?

आमच्याकडं मानवेल बांबू. बुरडकाम करणाऱ्या एका काकानं दाखवलं ते तसंच लिहितो. पावसाळ्यात रांजीला हात नाही, तेव्हा वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, निघतात, खायला तोडले तरी मोजकेच, प्रत्येक रांजीत चांगले जाड तसेच सोडायचे. यंदाचा अन् मागल्या सालचा बांबू तोडायचा नाही, यंदाच्याला सालपट चिकटलेलं असते, पाहून कळते. जुनाच तोडायचा. तोडायचा तो जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या लगेच वरून, नाहीतर तिथं पाणी साचून बूड सडते. रांजीच्या एका बाजूनं वाट करून मधला जुना काढायचा, बाहेरचा कोवळा घेर राहू द्यायचा. प्रत्येक रांजीत आठ-दहा तरी उभे पाहिजेत. जंगलाचे चार भाग करून दर साली एकच भाग, म्हणजे त्याच रांजीवर चौथ्या साली परत येणं होते. ठेकेदाराचे मजूर हे काही करत नाहीत, त्यांना नगावर पैसा असते, म्हणून तोडाई गावच्याच माणसांनी केली पाहिजे, हे करारात लिहूनच घ्या.

तेंदूचं दुखणं वेगळं. पाचगाववाल्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, खुटकटाई (नवं पान फुटावं म्हणून तेंदूची झुडपं छाटणं) अन् आगीनं जंगलाचा नाश होते म्हणून. मला त्यांचा लई मान वाटते, पण आमच्या गावाला ती हिंमत झाली नाही, उगाच मोठेपणा कशाला सांगू, मे महिन्यातल्या त्या दहा-बारा दिवसांच्या पैशावर इथं लेकरांच्या वह्या अन् धानाचं बियाणं येते. आम्ही मधला रस्ता काढला. लिलाव ग्रामसभाच करते, करार स्टॅम्पवर, अर्धी रक्कम आधी. आग लावली तर अनामत गेली. झाडाची छाटणी नाही, फक्त खालच्या झुडपांचं पान. अन् दर साली जंगलाचा एक भाग बंद, तिथं तेंदूचं फळ पिकू द्यायचं, टेंभरं माणसांनी पण खावी, अस्वलानं पण. फळीवर, म्हणजे पान गोळा होते त्या जागी, पुडे मोजायला गावचा पोट्टा बसते, ७० पानांचा पुडा अन् हजार पुड्यांची गोणी, त्यात शेकड्यामागं चार-पाच "खराब" म्हणून बाजूला काढून फुकटात न्यायची जुनी सवय आहे व्यापाऱ्यांच्या माणसांना. खराब असेल तर तिथंच फाडून टाका म्हणा.

जिथं बांबू-तेंदू नाही तिथं पण मार्ग असते. मेळघाटच्या पायथ्याशी अचलपूर तालुक्यातलं पायविहीर, कोरकू गाव, उघड्या बोडक्या टेकड्या राखून त्यांनी सीताफळं बाजारात नेली, २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला.

रायमुनियाचं, म्हणजे घाणेरीच्या झुडपाचं, एक सांगायचं राहिलं. ती वरवर कापली तर दुप्पट फुटते. पावसाच्या सुरुवातीला, फळ धरायच्या आत, जमिनीखाली तीन-चार बोटं मुख्य मूळ तोडायचं अन् झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळ्या वर. लगेच त्या जागी गवत किंवा बांबू लावा, रिकामी जागा दिसली की ती परत येते.

हिशोब, अन् वाघ

ग्रामसभेच्या नावानं वेगळं बँक खातं, पॅन कार्ड, तीन सह्या, त्यातली एक बाईची. ठराव वही अन् कीर्द एकाच माणसाच्या घरी ठेवू नका. तेंदूचे पैसे आले की हिशोब मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा, किती आले, मजुरी किती गेली, उरले किती. आमच्याकडं एका साली १८०० रुपयांचा मेळ लागला नाही, मीच चहापाण्याचं लिहायला विसरलो होतो, तेवढ्यावरून तीन महिने लोकं माझ्याशी नीट बोलले नाहीत. बरंच केलं त्यांनी. मोठ्या व्यवहारासाठी एकटं गाव कमी पडते, कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आहे, तसं काही जवळपास असेल तर जोडून घ्या. रोजगार हमीतून गाळ काढणं, दगडी बांध, रोपं, ही कामं आराखड्यात टाकता येतात, मजुरी तिथून निघते.

वाघाचं हसण्यावारी नेऊ नका. मोह वेचताना माणूस वाकलेला असते, पहाटेच्या अंधारात वाघाला ते जनावर वाटते. उजाडल्यावरच जा, चार-पाच जणं मिळून, एकमेकांना हाका मारत. कुठं पगमार्क दिसले, गाय पडली, की त्या बाजूचा मोह चार दिवस सोडायचा, हा पण नियमच समजा, अन् त्या झाडवाल्याला गावनं भरपाई द्यायची. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्ती जिल्ह्यात आले, तेव्हापासून घरात मोहफूल साठवायची पण भीती झाली, वास त्यांना लांबून येते. आम्ही मोह घरात न ठेवता एकत्र विकतो आता, भाव कमी मिळाला तरी चालते, भिंत पडत नाही.

अन् शेवटचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यातलं, पाऊस यायच्या आत. जाळरेषेनं पुन्हा एकदा चालायचं अन् ताजी खुटं मोजायची, म्हणजे यंदा चोरून तोडलेल्या झाडांची बुडं. प्रत्येक खुटावर चुन्याचा ठिपका, म्हणजे पुढच्या साली तेच परत मोजल्या जात नाही. पहिल्या साली ४३ निघाली होती. यंदा ११. त्यातली २ माझ्या सख्ख्या काकाची, बैलबंडीच्या दांड्यासाठी. काका समितीत आहे, म्हणून दंड दुप्पट. पावती मीच फाडली, त्यानं सही केली अन् त्या रात्री आमच्या घरी जेवायला आला नाही. चौथ्या दिवशी आला, कोंबडा घेऊन.